मैलकुली गोमाजी

गोमाजी मला उभे असे फारसे आठवतच नाहीत. आठवतात ते रस्त्यात उकिडवे बसलेले, एक तळवा जमिनीला टेकलेला, एक डोळा मिटलेला आणि मान इतकी खाली झुकलेली की कान मुरमाला लागावा. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी यवतमाळहून दारव्ह्याला येणाऱ्या मोटारीत पत्र्याची ट्रंक पायाशी घेऊन बसले होते. मला वाटलं, या माणसाला घेरी आली. मी ओरडणार तोच ड्रायव्हरने मोटार हळू केली आणि खिडकीबाहेर डोकं काढून विचारलं, "काय गोमाजी, काही ऐकू येऊन राह्यलं काय?"

"येऊन राह्यलं ना! तुह्या चाकाच्या शिव्या ऐकू येऊन राह्यल्या," गोमाजी जागचे न हलता म्हणाले.

सगळी मोटार हसली. मीही हसले. अठ्ठावन्न साल होतं, मी तेवीस वर्षांची होते, गावातल्या एका मुलींच्या शाळेत नेमणूक झाल्याचा कागद पिशवीत होता, आणि जगातलं बहुतेक सगळं आपल्याला कळतं असा माझा पक्का समज होता.

गोमाजी मैलकुली होते. आता हा शब्दही कुणी वापरत नाही. सरकार रस्त्याचे तुकडे पाडून एकेका माणसाच्या हवाली करी. त्या तुकड्यातले खड्डे बुजवायचे, कडेचं गवत कापायचं, पावसाळ्यात तुंबलेलं पाणी काढून द्यायचं, हे त्याचं काम. गोमाजींकडे गावाच्या वेशीपासून तीन मैल होते. अंगात विटलेला खाकी सदरा, त्यावर पितळेचा बिल्ला. सदऱ्याला ठिगळं असली तरी बिल्ला चिंचेने घासून लख्ख केलेला. बोलताना नेहमी "माहा रस्ता" म्हणायचे. "माह्या रस्त्यावर काल बंडी उलटली," हे ते असं सांगायचे की वाटावं, यांच्याच घरात कुणीतरी पडलं.

त्यांची दोन वाक्यं गावभर झाली होती. एक म्हणजे, "रस्ता उभ्यानं नाई दिसत." उभ्या माणसाला सगळा रस्ता सपाटच दिसतो, उंचसखल कळायला डोळा जमिनीला लावावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. दुसरं, "खड्डा भराच्या आधी चौकोनी कराचा." कडा नीट कापून घेतल्याशिवाय वरवर मुरूम टाकला तर तो पहिल्या पाण्यात वाहून जातो. गावातली चावट पोरं कुणाचं लग्न ठरलं तरी "आधी चौकोनी कर रे" म्हणून खिदळायची. गोमाजींना त्याचा राग नव्हता. रागावताना मी त्यांना एकदाच पाहिलं, आणि तेही राग म्हणावा असं नव्हतं. पण ते पुढे येईल.

शाळेत ते पहिल्यांदा आले ते मुलीचं नाव बदलायला. मुलगी चौथीत होती, रजिस्टरात नाव धुरपता. घरच्यांनी धर्मांतर केलं त्याला दोनेक वर्षं झाली होती, आणि आता पोरीला सुजाता म्हणायचं होतं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या की अर्ज लागेल. गोमाजींना लिहिता येत नव्हतं, म्हणून अर्ज मी लिहायला घेतला. गोमाजी फाटकाबाहेरच्या लिंबाखाली उभे, मी कुंपणाच्या आत. ते आत आले नाहीत आणि मलाही या म्हणायचं सुचलं नाही.

"नाव कुणी सुचवलं?" मी सहज विचारलं.

"तिनंच. पाच-सात नावं सांगतली तिले. त्यातलं हे निवडलं तिनं."

"पोरीचं नाव पोरीला विचारून ठेवता?" मला हसू आलं.

"तिच्याच अंगावर राहीन ना ते, बाई. माह्या अंगावर थोडीच राहनार हाय?"

माझं हसू तोंडातच राहिलं. तरी खोलीवर आल्यावर घरी लिहिलेल्या पत्रात मी हा किस्सा गंमत म्हणूनच लिहिला.

सुजाता पाचवीत असताना पटनोंदणीसाठी मी त्यांच्या वस्तीत गेले. त्या दिवशी सहामाहीची प्रगतिपुस्तकं वाटली होती. गोमाजींच्या अंगणात दहा-बारा माणसं बसलेली पाहून मला वाटलं, काहीतरी तंटा आहे. तंटा नव्हता, सुजाताचा निकाल होता. पाटावर पुस्तक, पुढे सुजाता उभी, आणि गोमाजी तिच्यासमोर नेहमीसारखे उकिडवे. घरातले देव त्यांनी धर्मांतरानंतर अडाण नदीत सोडले होते. देवांचा कोनाडा मोकळा झाला, त्यात आता सुजाताची आधीची प्रगतिपुस्तकं फडक्यात बांधून ठेवलेली दिसत होती. मला एक बारदाना अंथरून दिला आणि कार्यक्रम पुढे सुरू झाला.

"मराठी. शंभरपैकी चव्वेचाळीस," सुजाताने वाचलं.

"ते बाईचं झालं. आता तुहं सांग. मराठीत काय भेटलं तुले?"

सुजाताने एक गोष्ट सांगितली, पुस्तकातली, पण तिच्या भाषेत. सांगताना ती हातवारे करत होती, डोळे मोठे करत होती. बायका ऐकता ऐकता हसत होत्या.

"भूगोल. अडतीस."

"तुहं सांग."

"बाबा, आपल्या अडाणचं पानी पैनगंगेत जाते. पैनगंगेचं वर्धेत. आन मंग तसंच गोदावरीतून समुद्रात."

गोमाजी म्हणाले, "म्हंजे आपले देव आतालोक समुद्रात पोचले असन?"

अंगण हसून लोटपोट झालं. आतून सुजाताची आई ओरडली, "हळू बोला जी! कोनी आयकन!" जुन्या देवांच्या धाकातून तिचं मन अजून पुरतं मोकळं झालं नव्हतं. कुणीतरी म्हातारा म्हणाला, "पन गोमाजी, मार्क कमीच हायेत पोरीले." त्यावर गोमाजींनी माझ्याकडे बोट केलं. "मार्क तिनं थोडीच देल्ले? ज्यानं देल्ले ते बसले हायेत बारदान्यावर. त्याइले इचारा."

पाचवीचा वर्ग माझा नव्हता, तरी मी कसनुसं हसले आणि चहा न घेताच उठले.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी पुढच्या वर्षी सुजाता सहावीत माझ्या वर्गात आली तेव्हा मला ती अंगणातली मुलगी आठवली नाही. वर्गात ती नुसती बसून असे. प्रश्न विचारला की उभी राहून खाली बघे. फळ्यावरचं उतरवून घ्या म्हटलं तर तिच्या वहीत अर्धं उतरे, तेही चुकीचं. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी शिक्षकांच्या खोलीत एकदा नाही, दहादा म्हणाले असेन. सहामाहीला सत्तावन्न मुलींची पुस्तकं मी एका दुपारी लिहून काढली. शेऱ्याच्या रकान्यात हात आपोआप चाले. सुजाताच्या रकान्यात मी दोन ओळी लिहिल्या. वर 'वर्तन चांगले', खाली 'आकलन मंद'. टीपकागद दाबला आणि पुढचं पुस्तक ओढलं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच गोमाजी आले. या खेपेला लिंबाखाली थांबले नाहीत. वहाणा पायरीशी काढून व्हरांड्यात आले. मागे सुजाता होती.

"बाई, काल पोरीनं निकाल वाचला," ते म्हणाले. "शेऱ्याच्या घरात दोन वळी हायेत. तिनं एकच वाचली. दुसरी काय म्हनून इचारलं तं म्हने, बाईची सही हाय. सही कोनती ते मी वयखतो, बाई. ती खाली अस्ते. ही कोनती वळ हाय, वाचून सांगा."

वाचता न येणाऱ्या माणसाला फसवणं सोपं असतं. खोटं सांगते तर त्यांना कधी कळलंही नसतं. पण सुजाताने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. तिथे काय लिहिलंय हे तिला ठाऊक होतं, आणि मी काय वाचते याचीच ती वाट पाहत होती. मी वाचलं.

"आकलन म्हंजे?"

"समजणं."

"आन मंद म्हंजे कमी. म्हंजे पोरीले समजत नाई."

मी पुस्तक मिटून त्यांच्या हातात परत दिलं.

"बाई, माह्या रस्त्यावर ओव्हरसियर साहेब येते," गोमाजी म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण नेहमीची चेष्टा त्यात नव्हती. "महिन्यातून एकदा येते. वहीत शेरा मारते. पन मारायच्या आधी सायकल लावून देते, मले संग घेते, आन बोट दाखवते का गोमाजी, हा खड्डा. हे गवत. मंग लिवते. मले वाचता येत नाई, पन वहीत काय लिवलं ते मले मालूम रायते. तुमी पोरीले दाखवला काय तिचा खड्डा?"

"नाही," मी म्हणाले.

"तिच्यासंग बोलल्या काय?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "ही बसते कुठं?"

मी वर्गाचं दार उघडलं. सतरंज्या समोर होत्या, आणि दाराच्या कोपऱ्यात, जिथे मुली चपला काढत, तिथे तरटाचा एक तुकडा होता. सुजाताने त्याच्याकडे बोट केलं. गोमाजी जाऊन त्या तरटावर बसले. पोरीच्या उंचीला डोळा येईल एवढे खाली झुकले, तळवा जमिनीला टेकला आणि एक डोळा मिटला. त्यांचा बिल्ला दाराच्या चौकटीला घासला तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"बाई, फया कुठं हाय?"

"समोर आहे की."

"मले तं नुसता उजेड दिसून राह्यला."

ते उठले. मी त्या तरटावर बसले, म्हणजे बसावंच लागलं. पलीकडच्या खिडकीतला उजेड फळ्यावर पडून नेमका त्या कोपऱ्यात चमकत होता. फळ्यावर आदल्या दिवशीचं गणित तसंच होतं, आणि मला त्यातला एक आकडा दिसत नव्हता.

तिला तिथे मी बसवलं नव्हतं. मोठ्या बाईंनीही बसवलं नव्हतं. त्या वस्तीतली मुलगी दाराशी बसते, ती आपण होऊन बसते, असं सगळ्यांनी धरलं होतं. ती पहिलीपासून वर्ग बदलत गेली आणि तरट तिच्याबरोबर कोपरे बदलत गेलं. मी सहा महिने रोज ते पाहत होते, आणि वर 'मंद' असं तिच्याबद्दल लिहून मोकळी झाले होते. लाज वाटली म्हणजे काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. मी पुस्तक मागितलं, शेरा खोडते म्हणाले.

गोमाजींनी पुस्तक दिलं नाही. "खोडू नोका. शाई हाय ते, खोडलं तरी दिसते. तुमी तिच्यासंग बोला, बस. माह्यासंग नोका बोलू, मोठ्या बाईसंग नोका बोलू. तिच्यासंग बोला."

एवढं बोलून ते कामावर गेले. जाताना पोरीला नुसतं म्हणाले, "खोटं काहून वाचलं वं? मले सांगाचं ना."

"तुमाले वाईट वाटलं असतं," सुजाता म्हणाली.

मी त्या दिवशी तिला पहिल्या सतरंजीवर आणून बसवलं. दोन घरांतून तक्रारी आल्या, एका मुलीचं नाव काढून नेलं. मोठ्या बाई चिडल्या, पण मी हट्टाला पेटले होते. आणि दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी सुजाताशी बोलू लागले. आधी ती गप्प, मीच बडबडे. मग हळूहळू ती बोलू लागली, आणि पुढे पुढे तर मला म्हणावं लागे, "अगं, पुरे. मला घरी जाऊ दे." तिला प्रश्न फार. पृथ्वी फिरते तर बाबाचा रस्ता जागेवर कसा राहतो, इथपासून सुरुवात. मार्क काही एकदम उड्या मारत वर गेले नाहीत. पण सातवीत ती पहिल्या दहांत आली, आणि हात वर करून उत्तर देऊ लागली. तिला हायस्कूलला जायचं होतं, पुढे शिकवायचं होतं. "तुमच्यासारखी बाई व्हायचं," असं ती म्हणाली तेव्हा मी तिला म्हटलं, "माझ्यासारखी नको, जरा बरी हो."

त्या वर्षी गोमाजी भेटले की रस्त्यातूनच हाक मारत. "बाई, काल पोरीनं मले दिवस-रात्र शिकवली, कंदील आन लिंबू घेऊन! लिंबू मंग खाल्लं आमी." हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलायचा की पाहणाऱ्याला उगाच बरं वाटे.

सातवीची परीक्षा एप्रिलमध्ये झाली. मी सुट्टीला अमरावतीला गेले. मे महिन्यात सुजाताला मुदतीचा ताप आला. गोमाजींनी तिला मोटारीतून यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. विसाव्या की एकविसाव्या दिवशी ती गेली. मला हे जूनमध्ये परत आल्यावर मोठ्या बाईंकडून कळलं. मी त्यांच्या घरी गेले नाही. जायला हवं होतं. दोनदा निघाले आणि वस्तीच्या तोंडाशी जाऊन परत फिरले. काय बोलणार होते मी?

निकालाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. आईबाप येऊन पुस्तकं आणि दाखले घेऊन जात होते. गर्दी ओसरल्यावर गोमाजी आले. बिल्ला लावलेला होता, सदरा धुतलेला होता. मला वाटलं, ते कागद मागायला आलेत, तो हातात देऊन मी आत जाईन. पण ते माझ्या टेबलासमोर फरशीवर बसले.

"वाचा, बाई."

मी वाचलं, "मराठी, एकसष्ट."

ते हळूच म्हणाले, "हे तुमचं झालं. तिचं सांगा. ती काय काय बोलली असन तुमच्यासंग, ते सांगा."

मी सांगू लागले. मराठीचं सांगितलं, इतिहासाचं सांगितलं. तिचे शनिवारचे प्रश्न सांगितले. गोमाजी एकेक गोष्ट ऐकून "हं" म्हणत होते. गणिताशी येऊन मी अडले. मला आठवेना, मला काही सांगताच येईना.

"गनिताचं मी सांगतो," गोमाजी म्हणाले. "क्षेत्रफय शिकली. माह्यासंग रस्त्यावर येऊन खड्डा मोजे, आन सांगे का बाबा, इतके घमेले मुरूम लागन. बरोबर तितकाच लागे."

पलीकडच्या टेबलाशी बसलेल्या मोठ्या बाई उठून आतल्या खोलीत गेल्या. मी रडत होते. गोमाजी रडत नव्हते.

"पास झाली ना?"

"पास झाली. वर्गात चौथी."

"मंग दाखला द्या."

गेलेल्या मुलीचं नाव रजिस्टरातून कमी करतात, तिला दाखला कुणी देत नाही. मी तसं म्हणायला तोंड उघडलं, तोच ते म्हणाले, "मले मालूम हाय बाई, कोनी भरती नाई करनार. मी काई येडा नाई झालो. पन मी तिले बोललो होतो. तू पास हो, दाखला घेऊन मी सोता तुले हायस्कुलात नेऊन देतो. ती दवाखान्यातबी इचारे, बाबा, नेसान ना?"

मी दाखल्याची वही ओढली. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, इयत्ता लिहिली. शाळा सोडण्याचे कारण, या रकान्याशी माझा हात थांबला.

"बाकीच्या पोरीइले काय लिवलं?" गोमाजींनी विचारलं.

"पुढील शिक्षणासाठी."

"मंग?"

मी लिहिलं. पुढील शिक्षणासाठी. आत जाऊन मोठ्या बाईंपुढे वही धरली. त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही करून शिक्का मारला.

गोमाजींनी कागदाची घडी केली नाही. शाई ओली होती म्हणून तो दोन्ही तळव्यांवर आडवा धरला आणि पायऱ्या उतरून गेले. मी खिडकीशी उभी राहिले. फाटकातून ते घराकडे वळले नाहीत, हायस्कूलच्या रस्त्याला लागले. त्या रस्त्याला एका कडेने लिंबाची झाडं होती आणि दुपारची सावली जेमतेम एका माणसापुरती पडली होती. वहाणा पायरीशीच राहिल्या होत्या, गोमाजी अनवाणी उन्हातून चालत होते. सावलीची बाजू त्यांनी मोकळी सोडली होती, आणि अधूनमधून तिकडे बघून पाय हळू करत होते.